विकलेलं परत मिळतं का? मायएसक्यूएल, मारियाडीबी आणि एका संस्थापकाची दुसरी सुरुवात

मराठी विकिपीडियावरचं कुठलंही पान उघडा. ते तुमच्या स्क्रीनवर येण्याआधी पडद्यामागे एक सॉफ्टवेअर त्याची माहिती शोधून आणून देत असतं. त्याचं नाव मारियाडीबी. तुमचा स्वतःचा वर्डप्रेसवरचा ब्लॉग असेल, तर त्याच्याही मागे बहुधा हेच असतं, नाहीतर त्याची थोरली बहीण मायएसक्यूएल. ‘बहीण’ हा शब्द उगाच वापरलेला नाही. ‘माय’ आणि ‘मारिया’ या खरोखरच दोन बहिणी आहेत, आणि ही दोन्ही सॉफ्टवेअर त्यांच्या वडिलांनी सुरू केली आहेत.

पहिलं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी २००८ मध्ये एक अब्ज डॉलरला विकली गेली. त्यानंतर वर्षभरातच हा माणूस नोकरी सोडून बाहेर पडला आणि त्याच कोडवर त्यानं दुसरं सॉफ्टवेअर उभं केलं. आता साधा विचार करा. तुम्ही घर विकलंत, पैसे खिशात घातलेत, आणि पुढच्या वर्षी शेजारी हुबेहूब तसंच घर बांधून म्हणालात की खरं घर हेच, तर लोक काय म्हणतील? सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र हे कायदेशीर होतं. का होतं, आणि कायदेशीर असलं तरी योग्य होतं का?

सॉफ्टवेअरच्या मालकीचा इतिहास हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. त्यात मला सारखी भेटणारी ही गोष्ट आज तुमच्यासमोर मांडतो.

म्यू नावाची मुलगी

मायकेल विडेनियस, सगळे त्यांना मॉन्टी म्हणतात, यांचा जन्म १९६२ चा, हेलसिंकीचा. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारा एक छोटा समाज आहे, त्यातले ते. त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव My. इंग्रजीची सवय असल्यामुळे आपण ‘माय’ वाचतो, पण स्वीडिशमध्ये त्याचा उच्चार साधारण ‘म्यू’ असा होतो. म्हणजे मायएसक्यूएलमधला ‘माय’ हा ‘माझं’ या अर्थाचा नाहीच.

१९९० च्या दशकात मॉन्टी, अ‍ॅलन लार्सन आणि डेव्हिड अ‍ॅक्समार्क हे तिघं स्वीडनमधल्या टीसीएक्स या छोट्या कंपनीच्या निमित्तानं एकत्र आले होते. वेबसाइट नुकत्याच येऊ लागल्या होत्या आणि माहिती साठवायला स्वस्त, वेगवान डेटाबेस हवा होता. त्यांनी आधी एमएसक्यूएल नावाचं दुसऱ्या कुणाचं सॉफ्टवेअर वापरून पाहिलं. ते पुरेसं वेगवान वाटेना, म्हणून १९९५ मध्ये स्वतःचंच लिहिलं.

ते पसरलं ते वेबच्या लाटेबरोबर. लिनक्स, अपाचे, मायएसक्यूएल आणि पीएचपी या चार गोष्टी फुकट मिळायच्या, आणि चार मिळून अख्खी वेबसाइट चालायची. कॉलेजच्या खोलीत बसलेल्या मुलालाही परवडेल असा हा संच होता. फेसबुकची सुरुवात अशाच संचावर झाली.

रेसिपी मोफत, मग धंदा कशाचा?

पुढचं सगळं भांडण या एका मुद्द्यावर उभं आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

२००० साली मायएसक्यूएल जीपीएल या परवान्याखाली आलं. जीपीएलचं सार असं: कोड कुणीही घ्या, वापरा, बदला, वाटा. अट एकच. बदललेलं सॉफ्टवेअर तुम्ही दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा कोडही याच अटींवर द्यायचा.

एक खानावळ डोळ्यांसमोर आणा. मालकानं आपल्या मसाल्याची रेसिपी गावाला देऊन टाकली आहे. कुणीही तो मसाला करावा, त्यात फेरफार करावेत. पण फेरफार करून विकायचा असेल, तर नवी रेसिपीही गावाला सांगावी लागेल. आता एक मोठा कारखानदार येतो. त्याला हा मसाला आपल्या तयार पाकिटात घालायचाय, पण पाकिटात आणखी काय काय आहे ते कुणाला सांगायचं नाहीये. खानावळीचा मालक म्हणतो, ठीक आहे, तुमच्यासाठी वेगळा करार करू. रेसिपी उघड करायची सक्ती नाही, पण त्याचे पैसे पडतील.

हा वेगळा करार फक्त मूळ मालकच करू शकतो, कारण रेसिपीचे हक्क त्याच्याकडे आहेत. गावातल्या बाकी कुणालाही तो करता येत नाही. याला दुहेरी परवाना म्हणतात. मायएसक्यूएल एबी या कंपनीचं उत्पन्न अशा करारांमधून आणि ग्राहकांना दिलेल्या तांत्रिक मदतीतून येत होतं.

म्हणजे कंपनीकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या: कोड, नाव आणि कॉपीराइट. कोड सगळ्यांचा झाला होता. नाव आणि कॉपीराइट कंपनीचे होते. आपण ‘कंपनी विकली’ असं एका दमात म्हणतो, पण या तिन्हींचं पुढे काय झालं ते वेगवेगळं पाहावं लागतं.

एक अब्ज डॉलर

२००१ मध्ये मोर्टन मिकोस कंपनीचे सीईओ झाले. गुंतवणूकदारांचा पैसाही आला. आणि गुंतवणूकदार आले म्हणजे एक दिवस कंपनी विकावी लागणार किंवा शेअर बाजारात न्यावी लागणार, हे जवळजवळ ठरल्यासारखंच असतं. त्यांचा पैसा दुसऱ्या कोणत्या वाटेनं परत मिळणार?

या काळात एक घटना घडली. महत्त्वाच्या व्यवहारांसाठी मायएसक्यूएलच्या आत इनोडीबी नावाचं इंजिन वापरलं जायचं. ते इनोबेस या वेगळ्या फिनिश कंपनीचं होतं. ऑक्टोबर २००५ मध्ये ओरॅकलनं इनोबेसच विकत घेतली. गाडी तुमची, पण इंजिनाचा मालक तुमचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी, अशी ही परिस्थिती. त्यानंतर ओरॅकलनं मायएसक्यूएलही विकत घेण्याचा प्रयत्न केला होता. हे मिकोस यांनी २००६ मध्ये जाहीरपणे सांगितलं. कंपनीनं तेव्हा नकार दिला.

कंपनी शेअर बाजारात जाण्याच्या तयारीत असतानाच १६ जानेवारी २००८ ला सन मायक्रोसिस्टिम्सनं खरेदीची घोषणा केली. सुमारे ८० कोटी डॉलर रोख आणि सुमारे २० कोटींचे शेअर ऑप्शन, म्हणजे त्या वेळच्या दरानं जवळपास ४ हजार कोटी रुपये. फिनलंडमध्ये लोकांच्या कराची माहिती सार्वजनिक असते. त्यामुळे मॉन्टींना किती मिळाले हे गुपित राहिलं नाही. २००८ मधला त्यांचा भांडवली नफा सुमारे १ कोटी ६६ लाख युरो होता. त्या वर्षी देशातल्या सर्वाधिक कमावणाऱ्या पहिल्या दहांमध्ये ते होते.

हा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्यांच्यावर झालेली टीका यावरूनच झाली.

बाहेर पडणं

सन ही काही वाईट मालक नव्हती. ओपन सोर्सवर तिचा भर होता. अडचण दुसरीच होती. नोव्हेंबर २००८ मध्ये मायएसक्यूएलची ५.१ ही आवृत्ती ‘वापरायला तयार’ म्हणून जाहीर झाली. मॉन्टींनी लगेच आपल्या ब्लॉगवर लिहिलं की यात डेटाबेस कोसळू शकेल असे गंभीर दोष शिल्लक आहेत, हे कंपनीला माहीत आहे, आणि तरी ती बाहेर काढली गेली. कंपनीच्या पगारावर असताना, स्वतःच्या मुलीच्या नावाच्या उत्पादनाबद्दल हे उघडपणे लिहिणं सोपं नसतं.

फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांनी सन सोडली. मिकोसही त्याच सुमाराला गेले. मॉन्टींनी मॉन्टी प्रोग्रॅम एबी ही छोटी कंपनी काढली. यावेळी कल्पना वेगळी होती: कंपनी तिथे काम करणाऱ्यांच्या मालकीची असावी, आणि एक दिवस विकण्यासाठी ती चालवू नये. मायएसक्यूएलचा कोड जीपीएलखाली होताच. त्यावरून त्यांनी नवा फाटा फोडला. प्रोग्रॅमर याला फोर्क म्हणतात: रस्ता इथपर्यंत एकच, इथून पुढे दोन. नव्या फाट्याला धाकट्या मुलीचं नाव मिळालं, मारिया.

कोडच्या बाबतीत हे शक्य होतं, कारण २००० साली दिलेला परवाना मागे घेता येत नाही. त्या वेळी जगाला दिलेलं स्वातंत्र्य नऊ वर्षांनी देणाऱ्याच्याच कामी आलं.

ब्रसेल्समधलं भांडण

मॉन्टी बाहेर पडून अडीच महिनेही झाले नव्हते. २० एप्रिल २००९ ला ओरॅकलनं अख्खी सनच ७.४ अब्ज डॉलरला विकत घेत असल्याचं जाहीर केलं. तीन वर्षांपूर्वी नकार दिलेल्या हातात मायएसक्यूएल आपोआप जाणार होतं.

अमेरिकेच्या न्याय खात्यानं ऑगस्टमध्ये परवानगी दिली. युरोपियन कमिशननं मात्र सप्टेंबरमध्ये सखोल चौकशी सुरू केली आणि ९ नोव्हेंबरला लेखी आक्षेप काढले. मॉन्टी या चौकशीत उतरले. डिसेंबरमध्ये त्यांनी ब्लॉगवरून लोकांना ‘मायएसक्यूएल वाचवा’ असं आवाहन केलं आणि हजारोंनी सह्या केल्या.

या वादात कोण कुठे उभं होतं ते बघण्यासारखं आहे. त्यांचेच जुने सीईओ मिकोस यांनी कमिशनला पत्र लिहून सौद्याला मंजुरी द्या असं सांगितलं. जीपीएलचे मोठे जाणकार वकील एबेन मोगलेन यांचं मत होतं की परवाना पुरेसा आहे, ओरॅकल मायएसक्यूएलला मारू शकत नाही. आणि ज्यांनी जीपीएल लिहिला ते रिचर्ड स्टॉलमन दोन संस्थांबरोबर सही करून म्हणाले की सौदा होऊ देऊ नका. त्यांचा मुद्दा आपल्या खानावळीचाच होता. फाटा फोडणाऱ्याला कोड मिळतो, पण वेगळे करार करण्याचा हक्क मिळत नाही. मग मायएसक्यूएलइतकं मोठं काम पोसायला पैसा कुठून येणार?

टीकाकारांचा सवाल सरळ होता. पैसे घेतलेत ना? मग आता तक्रार कसली? माझ्या मते यातला अर्धा भाग खरा आहे. कॉपीराइट विकून पैसे घेतले असतील, तर त्या कॉपीराइटचं पुढे काय व्हावं यावर हक्क सांगता येत नाही. शिवाय थांबण्याची किंमत इतर कुणीतरी मोजत होतं. चौकशी चालू असताना सनचे दर महिन्याला १० कोटी डॉलर बुडताहेत, असं ओरॅकलचे लॅरी एलिसन जाहीरपणे सांगत होते, आणि ऑक्टोबरमध्ये सननं ३ हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. पण उरलेला अर्धा भाग टीकाकार विसरतात. मायएसक्यूएलवर अवलंबून असलेल्या लाखो वेबसाइटवाल्यांनी काहीच विकलं नव्हतं. बाजारात एकच मोठा दुकानदार उरतोय का, हा प्रश्न त्यांचा होता. तो विचारणाऱ्याच्या खिशात किती पैसे आहेत, यावरून प्रश्न खोटा ठरत नाही.

१४ डिसेंबरला ओरॅकलनं दहा आश्वासनं जाहीर केली. मायएसक्यूएल जीपीएलखाली चालू राहील, आणि पुढची तीन वर्षं त्याच्या संशोधनावर दरवर्षी किमान २ कोटी ४० लाख डॉलर खर्च होतील, ही त्यातली दोन. २१ जानेवारी २०१० ला कमिशननं विनाअट मंजुरी दिली. मंजुरीची कारणं वाचली की हसावं की रडावं कळत नाही. ग्राहकांना पर्याय आहेत, असं कमिशननं म्हटलं. पोस्टग्रेएसक्यूएल आहे, आणि मायएसक्यूएलचे फाटेही भविष्यात ओरॅकलवर स्पर्धेचा दबाव आणू शकतात. म्हणजे मॉन्टींनी मोकळ्या ठेवलेल्या कोडचा आणि त्यातून फुटणाऱ्या फाट्यांचा आधार त्यांच्या तक्रारीविरुद्धच झाला.

फाटा मोठा होतो

हरले, पण फाटा राहिला. मारियाडीबीची पहिली स्थिर आवृत्ती फेब्रुवारी २०१० मध्ये, म्हणजे सौदा पूर्ण झाल्यावर आठवडाभरातच आली. जुनं मायएसक्यूएल काढा, हे लावा, बाकी काही बदलू नका, असा तिचा दावा होता. हे महत्त्वाचं होतं, कारण कुणीही तत्त्वासाठी आपली चालती वेबसाइट मोडायला घेत नाही.

२०१० नंतर ओरॅकलच्या हाताखाली ओपन सोर्सचं काय होतं, हे लोकांना दिसू लागलं. ओपनसोलारिस बंद पडलं. ओपनऑफिसचे लोक बाहेर पडले आणि त्यांनी लिब्रेऑफिस काढलं. मारियाडीबीकडे वळणाऱ्यांची संख्या वाढली. २०१३ मध्ये विकिपीडिया तिकडे गेला. रेड हॅटनं २०१४ च्या आपल्या आवृत्तीत मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी दिलं. २०१७ मध्ये डेबियननंही तेच केलं.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवायला हवी. मायएसक्यूएल मेलं नाही. ओरॅकलनं त्यावर काम चालू ठेवलं आणि आजही ते जगातल्या सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसपैकी एक आहे. मॉन्टींची सगळ्यात वाईट भीती काही खरी झाली नाही. शेजारी पर्याय उभा असल्यामुळे ती खरी झाली नाही की ओरॅकलचा तसा इरादाच नव्हता, यावर अजूनही वाद घालता येतो.

स्वतंत्र कंपनीलाही पगार द्यावे लागतात

गोष्ट इथे संपली असती तर छान वाटलं असतं. पण स्टॉलमन यांचा प्रश्न जाग्यावरच होता: पैसा कुठून?

डिसेंबर २०१२ मध्ये मॉन्टी, अ‍ॅक्समार्क आणि लार्सन या जुन्या तिघांनी मारियाडीबी फाउंडेशनची घोषणा केली. एखादी कंपनी बुडाली किंवा विकली गेली तरी कोडचा सांभाळ चालू राहावा, हा हेतू. दुसरीकडे २०१३ मध्ये मॉन्टी प्रोग्रॅम ही स्कायएसक्यूएल या कंपनीत विलीन झाली. स्कायएसक्यूएल जुन्या मायएसक्यूएलवाल्यांचीच होती, पण तिच्यामागे गुंतवणूकदार होते. तिचंच नाव पुढे मारियाडीबी कॉर्पोरेशन झालं. कर्मचाऱ्यांच्या मालकीची, न विकायची कंपनी ही कल्पना चार वर्षं टिकली.

२०१६ मध्ये या कंपनीनं मॅक्सस्केल या आपल्या उत्पादनाची नवी आवृत्ती बिझनेस सोर्स लायसन्स या परवान्याखाली काढली. हा परवाना मॉन्टींच्याच विचारातून आलेला. कोड दिसतो, पण ठरलेल्या मर्यादेपलीकडे धंद्यात वापरायचा तर पैसे भरा. काही वर्षांनी तो आपोआप पूर्ण मोकळा होतो. अनेकांना हा विश्वासघात वाटला. मॉन्टींच्या दृष्टीनं तो त्याच जुन्या प्रश्नाचं उत्तर होता. मूळ डेटाबेस मात्र जीपीएलखालीच राहिला. कॉपीराइट ओरॅकलकडे असल्यामुळे तो बदलणं त्यांच्या हातात नव्हतंही.

डिसेंबर २०२२ मध्ये कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली. त्या सौद्यात तिची किंमत सुमारे ६७ कोटी डॉलर धरली होती. पहिल्याच दिवसापासून शेअर कोसळला. सप्टेंबर २०२४ मध्ये केवन या गुंतवणूक कंपनीनं ती ५५ सेंट प्रतिशेअर दरानं, एकूण सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरला विकत घेतली. म्हणजे धाकट्या बहिणीची कंपनीही शेवटी विकलीच गेली, आणि थोरलीच्या मानानं मातीमोल भावात.

मग स्वतंत्र काय राहिलं?

या गोष्टीकडे ‘तत्त्वनिष्ठ संस्थापक विरुद्ध लोभी कंपनी’ म्हणून बघितलं की ती लवकर संपते आणि काहीच शिकवत नाही. ते तीन भाग पुन्हा वेगळे करून बघा.

कॉपीराइट गेला तो गेला. सनकडे, मग ओरॅकलकडे. तो परत आणायला ना सह्या पुरल्या, ना कमिशन. नावही गेलं. मुलीचं नाव असलं तरी ट्रेडमार्क म्हणून ते दुसऱ्याचं झालं. नव्या कंपनीची मालकीही हातात राहिली नाही. पगारासाठी गुंतवणूकदार आले आणि गुंतवणूकदारांबरोबर बाजार आला.

कोड मात्र कुणाच्याच हातात अडकला नाही. २०२२-२४ मध्ये कंपनीचा शेअर गटांगळ्या खात होता तेव्हाही विकिपीडिया चालू होता, फाउंडेशन चालू होतं. ज्यांना कंपनीवर विश्वास नव्हता, त्यांना तेव्हाही नवा फाटा फोडायची मुभा होती. म्हणून मला वाटतं की मॉन्टींचा स्वातंत्र्याचा खरा निर्णय २००९ च्या राजीनाम्यात नव्हता. तो २००० सालच्या परवान्यात होता. कंपनी विकली जाणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा घेतलेला.

पुण्यात किंवा कुठेही स्टार्टअप काढू बघणारे मित्र मला विचारतात, की पुढे कंपनी विकली तर आपलं काम आपलं राहील का? माझं उत्तर असतं की विकायच्या टेबलावर बसलात की उशीर झालेला असतो. त्या दिवशी फक्त किंमत ठरते. काय विकता येणारच नाही, हे त्याच्या कितीतरी आधी, गिऱ्हाईक दारात नसताना ठरवून ठेवावं लागतं.